पहिली शिरानामी रुरी

तोक्यो, ३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय होरी मिसाओ-सान,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तर आमच्या गल्लीत शरदातल्या मोकुसेईच्या फुलांचा वास सुटला आहे. झालं. यापुढचं कसं लिहावं ते मात्र शाळेत कुणी शिकवलं नाही.

माझं नाव मात्सुनागा चिनात्सु. वय अठ्ठावीस. गेली दोन वर्षं मी ‘द्वितीय शिरानामी रुरी’ या नावाने अॅनिमेची गाणी गाते. पहिल्या शिरानामी रुरी तुम्ही. म्हणजे तुमचं नाव माझ्याकडे आहे, आणि ते तुम्हाला न विचारता आलेलं आहे.

कंपनीने ‘पोलादी देवमासा’ ही मालिका नव्याने काढली, तेव्हा शीर्षकगीतासाठी आवाज हवा होता. साहेब म्हणाले, “जुनं नाव कपाटात पडून आहे. रंगभूमीवर नाही का बापाचं नाव मुलाला देत? तसंच.” मी विचारलं, “पण त्या बाईंना विचारलंत का?” ते म्हणाले, “नाव कंपनीचं आहे. बाईंचा पत्तासुद्धा आमच्याकडे नाही.” मी गप्प बसले. चार वर्षं स्वतःच्या नावाने गात होते आणि ऐकायला कुत्रं येत नव्हतं, म्हणून गप्प बसले.

तुमचा पत्ता मला मुराई-सानांनी दिला. तुमचं गाणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं होतं. आता ते निवृत्त आहेत. “मी दिला म्हणून सांगू नकोस,” असं बजावलं होतं त्यांनी, आणि मी पहिल्याच पानावर सांगून बसले.

खरी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या महिन्यात रेडिओवर मुलाखत झाली. निवेदिकेने विचारलं, “नाव सोपवताना पहिल्या रुरी तुम्हाला काय म्हणाल्या?” माझ्या तोंडून निघून गेलं, “त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, या देवमाशाला बुडू देऊ नकोस.” निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही आलं. घरी जाताना मात्र मला स्वतःची लाज वाटली. मला क्षमा करा, अशी विनंती आहे.

मात्सुनागा चिनात्सु


साकाता, १९ ऑक्टोबर २०२४

मात्सुनागा-सान,

पत्र पावलं. ती मुलाखत मीही ऐकली होती. दुकानात इस्त्री करताना रेडिओ चालू असतो. मी इतकं सुंदर बोलते हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही क्षमा मागण्यासारखं काही नाही. साहेब म्हणाले ते खरंच आहे, नाव कंपनीचं होतं. त्या काळी मुलांच्या मालिकांची गाणी म्हणणं हलकं काम समजत. पुढेमागे मोठी गायिका झालात तर डाग नको, म्हणून दुसरंच नाव लावून द्यायचे. मी मोठी गायिका झाले नाही, आणि डागांचं म्हणाल तर गेली अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्याच कपड्यांचे काढते आहे. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून घरी आले, ते हे धुलाईचं दुकान चालवायला राहिले.

दुसरी रुरी आहे हे मला मागच्या वर्षीच कळलं. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासावे लागतात. एका जाकिटाच्या खिशात तुमच्या कार्यक्रमाचं पत्रक सापडलं. तुमचे केस फारच निळे आहेत. पत्रक घडी करून जाकिटाबरोबर परत दिलं.

माझी काळजी करू नका. मी मजेत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे मी कोण ते. कुठल्याही समारंभाला गेलं की ‘मिसाओ-सान, देवमासा होऊन जाऊ दे’ म्हणून मागे लागतात, अगदी नको होतं. दर गुरुवारी बायकांच्या गायनवर्गाला शिकवते. तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही.

तुम्हीही तब्येत सांभाळा. निळ्या केसांना वरचेवर रंग लावू नका, टाळू खराब होते.

होरी मिसाओ


तोक्यो, १२ नोव्हेंबर २०२४

होरी-सान,

तुमचं पत्र मी सात वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा वाटलं तुम्ही रागावला आहात, तिसऱ्या वेळेपासून हसू यायला लागलं. केसांचं म्हणाल तर तो टोप आहे. खाली माझे केस काळे आणि पातळ आहेत.

गायनवर्गाचं वाचून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. माझ्याभोवती माणसं पुष्कळ असतात, पण ती सगळी रुरीला भेटायला आलेली असतात. शनिवार-रविवार कुठल्यातरी गावच्या बाजारसंकुलात कार्यक्रम असतो. पहिल्या रांगेत पन्नाशी-साठीचे पुरुष निळे डगले घालून, चमकत्या कांड्या घेऊन उभे असतात. नव्या गाण्याला ते नुसते माना हलवतात. तुमचं गाणं सुरू झालं की रडतात. गाणं संपल्यावर एकेक जण हात मिळवायला येतो आणि मला तुमच्याबद्दल सांगतो. ‘शाळेत मला सगळे छळायचे, पण सायंकाळी साडेसहाला हे गाणं लागायचं.’ मी ‘आभारी आहे’ म्हणते. कसले आभार ते मला कळत नाही. हात माझा, आभार माझे, गाणं तुमचं.

मग हॉटेलच्या खोलीत जाऊन दुकानातला भाताचा गोळा खाते. परवा आईने फोनवर संदेश ठेवला, ‘रुरी-चान, जेवलीस का?’ ती चेष्टा करत होती. मी मात्र तो पुसून टाकला. आता मला चिनात्सु म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

एक विचारू? ते गाणं गाताना तुम्ही कुणाचा विचार करत होतात? मी सगळे सूर बरोबर लावते, तरी तसं होत नाही.

चिनात्सु


साकाता, ८ डिसेंबर २०२४

चिनात्सु-सान,

पहिला बर्फ पडून गेला. लोकांनी जाड कोट एकदमच आणून टाकले आहेत, म्हणून उत्तराला उशीर. ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मुलगी नाही, पण वय आहे.

कुणाचाच विचार नव्हते करत. बूट करकरत होते म्हणून मुराईने काढून ठेवायला लावले होते, आणि मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. वाद्यवृंदातले चाळीस पुरुष समोर बसलेले. सगळं लक्ष तो अंगठा लपवण्यात. तेव्हा सगळं एका दमात म्हणायचं असे, चुकलं तर चाळीस जणांना पुन्हा वाजवावं लागे. दुसऱ्या खेपेला झालं. संगीतकार म्हणाले, “चांगलं. पुढची कोण?” माझं नावही त्यांनी विचारलं नाही.

एकोणनव्वद सेकंद. बावन्न आठवडे, दर शुक्रवारी. माझा चेहरा कुणी पाहिला नाही, तबकडीच्या वेष्टनावरही देवमासाच होता. मोठ्या दुकानांच्या गच्चीवर कार्यक्रम व्हायचे. देवमाशाचा पोशाख घातलेला माणूस पुढे नाचे आणि मी मागे फळ्यांच्या आड, कर्ण्यांच्या शेजारी उभी राहून गाई. एकदा फळीच्या फटीतून एक चिमुरडी डोकावली. आईला म्हणाली, “मागे कुणीतरी गातंय.” आई म्हणाली, “अगं, ती टेप आहे.” मी गाणं चालूच ठेवलं. काय करणार? चिमुरडी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होते, आणि तिने आईचं ऐकलं.

त्या दिवशी फार वाटलं, फळी बाजूला करून पुढे यावं आणि म्हणावं, टेप नाही, मी आहे. एकदाच. अजूनही इस्त्री करताना मनात येतं. अडुसष्टाव्या वर्षी असल्या इच्छा बाळगू नयेत, पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.

भाताच्या गोळ्याबरोबर काहीतरी भाजी खात जा. गायिकेची तब्येत म्हणजे तिचं पोट.

मिसाओ


तोक्यो, १४ जानेवारी २०२५

मिसाओ-सान,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुम्ही पाठवलेले सुके जर्दाळू, खरं सांगते, एका बैठकीत संपले.

आता नीट बसून वाचा. पंधरा फेब्रुवारीला दुपारी तोक्योत देवमाशाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाचा कार्यक्रम आहे. तीन हजार माणसं येणार. सोबत तिकीट आहे, पहिली रांग, खुर्ची बारा. त्या खुर्चीवर मी स्वतः कागद बांधणार आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पहिल्या शिरानामी रुरी’. तुमचं गाणं सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना सांगेन की त्या आज इथे आहेत. प्रकाशवाल्याला पटवलं आहे, तो झोत तुमच्यावर टाकेल. तुम्ही फक्त उभं राहायचं. गायचं नाही, बोलायचं नाही. उभं राहायचं, बस्स.

कंपनीला यातलं काही माहीत नाही. साहेबांना पहिली रुरी कुठे आहे हे लोकांना कळायला नको आहे. ‘गूढ राहू दे’ म्हणतात. त्यांना कळेल तेव्हा ते चिडतील. चिडू देत.

याल ना? रेडिओवर मी खोटं बोलले, ते मला एकदा खरं करायचं आहे. निदान तुमचा हात तरी हातात घ्यायचा आहे.

चिनात्सु


साकाता, २९ जानेवारी २०२५

चिनात्सु,

तुझं डोकं ठिकाणावर नाही. तीन हजार माणसांपुढे मला उभं करतेस! येईन. दुकानावर ‘दोन दिवस बंद’ची पाटी लिहून ठेवली आहे, अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. कपाटातला गडद निळा पोशाख काढला, तो कमरेत घट्ट होतो. मी स्वतःच्याच दुकानात पावती फाडून तो सैल करायला टाकला.

गाडीला बर्फाने उशीर झाला तर घाबरू नकोस. तू घाबरलीस की उंच गातेस, रेडिओवर ऐकलं आहे मी.

मिसाओ


तोक्यो, २० फेब्रुवारी २०२५

मिसाओ-सान,

तुम्ही ठीक आहात ना? चार दिवस दुकानाच्या फोनवर घंटा वाजते आहे आणि कुणी उचलत नाही. गाडी बंद होती का? मी चौकशी केली, त्या दिवशी सगळ्या गाड्या वेळेवर होत्या. म्हणजे तुम्ही आला नाहीत ते ठरवूनच, असं मी समजू का? रागावला असाल तर मला समजेल. पण झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

तुमची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, उशीर झाला असेल, शेवटच्या क्षणी याल. दोन गाणी मी त्या खुर्चीकडे बघत म्हटली. मग तुमच्या गाण्याची वेळ आली. मी बोलायला लागले, “हे गाणं माझं नाही. ज्यांनी ते पहिल्यांदा गायलं, त्या पहिल्या रुरी आज इथे आहेत.” प्रकाशवाल्याने ठरल्याप्रमाणे झोत टाकला. रिकाम्या खुर्चीवर, त्या कागदावर. आणि मला रडू कोसळलं. तुम्ही आला नाहीत म्हणून रडले हो मी. बाकी काही नाही.

पण तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे कसं असतं. नाव दुसऱ्याला गेलं म्हणजे पहिला माणूस बहुधा गेलेलाच असतो. त्यात रिकामी खुर्ची, त्यात नाव, त्यात माझं रडणं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टोपी काढली. कुणीतरी हातातली कांडी विझवली. मग शेजारच्याने, मग त्याच्या मागच्याने. बघता बघता सगळं सभागृह काळोखात उठून उभं राहिलं, हात जोडून. अगदी चिडीचूप. वाद्यवाल्यांनीसुद्धा माना खाली घातल्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीन हजार माणसं रडत असताना ‘अहो, त्या जिवंत आहेत, नुसत्या आल्या नाहीत’ असं म्हणायला तोंड उघडेना. कार्यक्रम संपला तेव्हा ती खुर्ची फुलांखाली दिसत नव्हती.

आता सगळीकडे तुमच्या निधनाची बातमी आहे. साहेबांना राग येईल म्हणून मी भीत होते, तर त्यांनी मला जेवायला नेलं. “काय सुचलं तुला! आपण त्या गेल्या असं कुठे म्हटलंय? नाही गेल्या असं म्हटलं नाही, एवढंच.” उन्हाळ्यासाठी आणखी अकरा शहरांत कार्यक्रम ठरले आहेत, प्रत्येक ठिकाणी रिकामी खुर्ची ठेवायची म्हणतात. मी खरं बोलले तर हे नाव माझ्याकडे राहणार नाही, हेही जेवताना हसत हसत सांगून झालं.

तुम्ही सांगाल तसं करीन. एक ओळ लिहा, मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगेन. शिव्या घालायच्या असतील तर दोन ओळी लिहा.

चिनात्सु


साकाता, १ मार्च २०२५

चिनात्सु,

फोनची घंटा ऐकत होते. हात पुढे होत नव्हता. माझ्यावर रागावू नकोस, आता सगळं खरं लिहिते.

मी आले होते.

तुझं तिकीट आलं त्याच दिवशी मी आणखी एक तिकीट विकत घेतलं होतं, शेवटच्या रांगेचं. ऐन वेळी धीर होईल की नाही याची मला खात्री नव्हती. पहिल्या रांगेपर्यंत गेलेही. तुझ्या अक्षरातला तो कागद पाहिला. आजूबाजूचे लोक त्याचे फोटो काढत होते. मी तिथे पिशवी घेऊन उभी, आणि एक जण म्हणाला, “काकू, जरा बाजूला होता का, फोटोत येताय.” मी बाजूला झाले. मग आणखी बाजूला होत होत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ठरवलं की तू नाव घेतलंस की उठायचं आणि चालत पुढे यायचं.

तू नाव घेतलंस. मी उठले. पण तोवर सगळेच उठले होते. मला आधी वाटलं, वेड्यासारखं वाटलं, की मला बघून उठले. मग दिवे विझत गेले, आणि काय चाललं आहे ते माझ्या लक्षात आलं. माझ्या शेजारी निळ्या डगल्यातला साठीचा एक माणूस होता. तो हुंदके देत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी नुसतीच उभी. त्याने हळूच खूण केली की हात जोडा. मी जोडले. चिनात्सु, मी स्वतःसाठी हात जोडले, डोळे मिटले, आणि मनात काय म्हणावं ते सुचेना, म्हणून तुझं गाणं चांगलं होऊ दे असं म्हटलं.

मग तू गायलीस. इतकं चांगलं तू कधी गायली नव्हतीस. मी ऐकत होते आणि मला एकही सूर आपला वाटला नाही.

संपल्यावर त्या माणसाने मला रुमाल दिला. बहुतेक मी रडत होते. माझ्या तोंडून निघालं, “मीच ती. पहिली रुरी मीच.” चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं, स्पष्ट, त्याच्या तोंडाकडे बघून. त्याने माझा हात थोपटला आणि म्हणाला, “हो काकू. आज आपण सगळेच त्या आहोत.”

आणखी एक. गायनवर्ग नाही. कधीच नव्हता. गावात कुणालाही माहीत नाही. आल्या आल्या सांगायला लाज वाटली, पुढे सांगायला उशीर झाला. समारंभाला मला गा म्हणून कुणी म्हणत नाही. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी चादरी धुते. तू रेडिओवर खोटं बोललीस म्हणून क्षमा मागितलीस, तेव्हा मी पहिल्याच उत्तरात त्याहून मोठं खोटं लिहिलं होतं.

आता तुझा प्रश्न. काही सांगू नकोस. राहू दे. जिवंतपणी तीन हजार माणसं माझ्यासाठी कधी गप्प उभी राहिली असती? अकरा शहरं म्हणतेस, मग अकरा वेळा राहतील. तुझं काम टिकेल, त्या लोकांचं दुःखही खरं आहे, ते कशाला खोटं पाडायचं? मी दुकान उघडलं आहे. सगळं नेहमीसारखं आहे. मी गेले हे इथे कुणाला कळलं नाही, कारण मी होते हेच कुणाला माहीत नव्हतं.

मिसाओ

ता. क. ४ मार्च.

पत्र तीन दिवस खिडकीपाशी पडून आहे. टपालपेटी समोरच आहे, तरी टाकलं नाही.

आज शाळेतल्या बाई नवऱ्याचा कोट न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “देवमाशाचं गाणं म्हणणारी बाई गेली हो. वाचलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. आमच्या लहानपणी दर शुक्रवारी ते ऐकल्याशिवाय आम्ही जेवत नव्हतो. तुम्हाला आठवतं का ते गाणं?”

मी म्हटलं, “नाही बाई. माझ्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता.”

त्या कोट घेऊन गेल्या. मी दार लावलं. टेप आहे म्हणणाऱ्या त्या आईवर मी पंचेचाळीस वर्षं मनात चिडून आहे, आणि आज तेच काम मी स्वतः केलं.

चिनात्सु, वर लिहिलेलं सगळं मागे घेते. तुझं नाव जाईल, अकरा शहरं जातील, हे मला नीट कळतं. तीन दिवस त्याचाच विचार केला, आणि तरीही मागते आहे. यात तुझं नुकसान आहे आणि माझा स्वार्थ आहे. पण मला असं मेलेलं राहवत नाही.

सांगून टाक. होरी मिसाओ नावाची बाई जिवंत आहे, साकाताला राहते, कपडे धुते, आणि ते गाणं तिने गायलं होतं.